पंधरा हात

केनवडला जगदेवच्या घरी दिवाळीनंतर एक खोली मुकी व्हायची. पहिल्या वेच्याचा कापूस त्या खोलीत येऊन पडला की तिथून तिचा आवाज कमी होत जाई, आणि संक्रांतीपर्यंत कापूस तिन्ही भिंतींना आढ्याच्या दोन हात खालपर्यंत टेकला की ती पुरती मुकी होई. मधे एक खाट नि एक टेबल मावेल एवढी जागा उरे. तिथे उभं राहून टाळी वाजवली तरी ती दुसऱ्याच कोणी लांबवर वाजवल्यासारखी वाटे. जगदेवची बायको दुर्गाबाई त्या खोलीत एकटी जायला कचरायची. आपलाच श्वास ऐकू येतो, म्हणायची.

जगदेवला मात्र ती खोली जीव की प्राण होती. तो रिसोडला शाळेत मराठी शिकवायचा आणि जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहीत होता. विद्यापीठाने त्याला दर हिवाळ्यात दोन महिने ध्वनिमुद्रणाचं मोठं यंत्र वापरायला दिलं होतं. दोन चकत्यांचं, विजेवर चालणारं, सुटकेसएवढं. त्याच्यासोबत मखमलीच्या पेटीत ठेवलेला परदेशी बनावटीचा मायक होता. तो पेटीतून काढताना जगदेव आधी हात धुऊन घेई. शहरातल्या मुद्रणगृहांच्या भिंतींना आतून गाद्या लावतात असं त्याने वाचलं होतं. आपल्याकडे त्या गाद्या शेतातून चालत येतात, असं तो शाळेतल्या सोबत्यांना सांगे आणि स्वतःच हसे.

१९७६ सालच्या माघातली गोष्ट. रविवारी सकाळी देवमन सायकलवरून आला. बसथांब्याजवळ टिनाच्या टपरीत तो रेडिओ दुरुस्त करायचा. पंचक्रोशीतले रेडिओ त्याच्या हातून जात असल्यामुळे कोणाच्या घरी कोणतं स्टेशन लागतं हेही त्याला ठाऊक असे. सायकलच्या पिशवीतून त्याने नारळाची करवंटी काढून जगदेवच्या हातात ठेवली. करवंटीच्या तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधलेला, बुडातून वायर निघालेली.

"मायक हाय, सर," देवमन म्हणाला. "टेलिफोनचा कानाचा डबा असते ना, त्यातली चकती. अकोल्याले भंगारात भेटली. आत कापूस तुमच्याच घरचा हाय, गेल्या साली माय येचाले आलती तवा तिच्या पदराले लागून आला."

जगदेव हसला. देवमनचं मन मोडू नये म्हणून, आणि थोडं गंमत म्हणूनही, त्याने मखमलीची पेटी बाजूला सारून करवंटीची वायर यंत्राला लावू दिली. यातून काही निघेल अशी त्याला आशा नव्हती. पलीकडच्या गल्लीत पिठाची चक्की सुरू होती. तिच्या इंजिनाचा ठोका जगदेवच्या आजवरच्या प्रत्येक टेपवर आला होता. कापूस तीन भिंतींचा आवाज गिळायचा, पण दाराकडून ठोका यायचाच.

गायला दुर्गाबाईला बसवलं. तिने आधी नाही-हो केलं, मग करवंटीकडे पाहून तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिने दोन ओव्या म्हटल्या. देवमनने करवंटी तिच्या तोंडासमोर चार बोटांवर धरली होती. ती जरा मागे सरकली की तोही हात पुढे नेई.

टेप मागे फिरवून लावली, तेव्हा जगदेव खाटेवर बसला होता तो उठून उभा राहिला. चक्की नव्हतीच. बाहेर त्या क्षणीही ठोका पडत होता, पण टेपवर तो कुठेच नव्हता. होता फक्त दुर्गाबाईचा आवाज, आणि तोही असा, की शब्दाच्या शेवटी तिची जीभ टाळूला लागते ते कळावं. मधे तिने पदर सावरला तेव्हा बांगडी वाजली होती. ओवीच्या आधी दाबलेलं हसूसुद्धा आलं होतं. दुर्गाबाईने लाजून तोंड फिरवलं. जगदेवने टेप पुन्हा लावली, पुन्हा ऐकली. मखमलीच्या पेटीतल्या मायकला दोन हिवाळ्यांत जे जमलं नव्हतं ते करवंटीने पहिल्या झटक्यात करून दाखवलं होतं.

असं कसं, त्याने विचारलं. देवमनने सांगितलं, की ती चकती बिचारी अर्धी बहिरी आहे. टेलिफोनात माणसाचं बोलणं तेवढं ऐकू यावं म्हणून बनवलेली. इंजिनाची, जात्याची घरघर तिच्या कानात शिरतच नाही.

"अन् दुसरं म्हनजे याले दूरचं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तुमचा मोठा मायक गावभराचं ऐकते. हा जवळ बसल्याशिवाय कामच नाही करत."

जगदेवला इतका आनंद झाला होता की पुढचं वाक्य त्याने विचार न करता बोलून टाकलं. "मग उद्याच तुझ्या आईला घेऊन ये. आता चतुराबाईचा आवाज नक्की बसतो टेपवर."

देवमन वायर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"माय ओव्या म्हनत नाही आता," तो म्हणाला. "त्या दिसापासून नाही म्हनत."

आणि मग, जरा दुसरीकडे पाहत, जे सांगायचं होतं ते त्याने थोडक्यात सांगितलं. वर्षापूर्वी या घरून परत आल्यावर चतुराबाईने दोन दिवस जात्याला हात लावला नव्हता. मग पीठ चक्कीवरून आणायला लागली. जात्याची वरची तळी अंगणात काढून ठेवली, आता तिच्यावर कोंबडी बसते. देवमनने विचारलं तर म्हणाली, मास्तरच्या मशीनवर आवाज बसत नाही म्हणे, म्हणजे तो बसलाच असेल, माणसाचा आपलाच आवाज आपल्याला कळत नाही. मशीन कशाला खोटं बोलेल.

जगदेवला तो दिवस आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा, तो कधी विसरला नव्हता. फक्त त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. चतुराबाईला दोनशेवर ओव्या येतात असं त्याला सगळ्या वेचणाऱ्या बायांनी सांगितलं होतं. एका ओवीतून दुसरी निघायची, कुठे थांबायचं तिला कळत नसे. त्याने तिला बोलावून घेतलं होतं आणि ओसरीवर बसवलं होतं. ओसरीवर तूर भरडायचं जुनं जातं होतं, तिथेच. मायक आत, मुक्या खोलीत, टेबलावर. मधलं दार उघडं. घरातलं पिठाचं जातं स्वयंपाकघरात होतं. त्याची आई मनकर्णाबाई दुसऱ्या कोणाला, आणि बौद्धवाड्यातल्या बाईला तर नाहीच, त्या जात्याला हात लावू देणार नाही, हे त्याने धरून चाललं होतं. चतुराबाई बसता बसता हसून म्हणाली होती, भरडायच्या जात्यावर डाळ होते भाऊ, ओवी कशी होईन? तरी ती गायली. दोन तास गायली. टेपवर आली ती जात्याची घरघर, चक्कीचा ठोका, चिमण्या, कोणाच्या तरी बैलांच्या घंटा, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी एक बाई. जगदेवने टेप ऐकून तिला सांगितलं होतं, "चतुराबाई, तुमचा आवाज मशीनवर बसत नाही." विद्यापीठाच्या छापील कागदावर दोषाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: गायिकेचा आवाज क्षीण.

देवमनने करवंटी पिशवीत ठेवली नाही. ती टेबलावर ठेवून त्याने मखमलीच्या पेटीकडे बोट केलं.

"हा कुठी ठेवला होता त्या दिसी?"

"इथेच. टेबलावर."

"अन् माय?"

जगदेवने दाराबाहेर पाहिलं. देवमन टेबलापासून निघाला आणि कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताने हवेतल्या हवेत मोजत ओसरीवरच्या भरडायच्या जात्यापर्यंत गेला. तिथे उभा राहून तो एवढंच म्हणाला, "पंधरा हात." मग चप्पल घालून, सायकल घेऊन गेला.

त्या आठवड्यात जगदेव शाळेत शिकवत होता, जेवत होता, बसमध्ये ओळखीच्यांशी बोलत होता. पण वर्गात एखादा मुलगा मागच्या बाकावरून हळू बोलला की तो 'मोठ्याने बोल' म्हणताना अडखळे. पंधरा हात हे काही फार अंतर नव्हतं. त्याने ते स्वतः ठरवलं होतं, आणि मग त्याचा दोष त्याने तिच्या गळ्याला दिला होता. ज्या बाईचा दाणा-पाण्याइतकाच सहज आवाज होता, तिला त्याने चार शब्दांत गप्प केलं होतं, आणि ते शब्द बोलून झाल्यावर चहा पिऊन शाळेच्या वह्या तपासायला बसला होता.

शनिवारी त्याने आईकडे विषय काढला. मनकर्णाबाई अंगणात सुपात ज्वारी पाखडत होती. त्याने मनात उत्तरं तयार ठेवली होती. काळ बदलला, कायदा काय म्हणतो, विद्यापीठाचं काम आहे. त्यातलं एकही लागलं नाही. तो म्हणाला की चतुराबाईला पुन्हा बोलवायचं आहे, या वेळी आत, आणि घरचं जातं लागेल. मागच्या वेळी तू रागावशील म्हणून बाहेर बसवलं होतं. मनकर्णाबाईचं सूप थांबलं.

"म्या म्हनलं होतं काय, बाहीर बसव?"

"नाही, पण..."

"मले इचारलं होतं काय तू?"

 तिने सूप पुन्हा हलवलं, खडे एका बाजूला आले ते वेचून फेकले.

"इचारलं असतं तं म्या काय म्हनलं असतं, थे मले बी ठाऊक नाही," ती म्हणाली. "पन तू माह्या नावानं परस्पर नाही म्हनून मोकळा झाला. शिकला सवरला लेक."

तेव्हा त्याच्या हातात जे शेवटचं उरलं होतं तेही गेलं. आईच्या सोवळ्याआड तो वर्षभर बसला होता. आता ती आडोशाची जागाही रिकामी झाली. तिने आपण होऊन हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते ठरवणं तिने त्याच्यावरच टाकलं.

रविवारी तो बौद्धवाड्यात गेला. चतुराबाईने त्याला घरात घेतलं, एकुलत्या एका खाटेवर वाकळ झटकून बसवलं, काळा चहा दिला. दूध नाही म्हणून हळहळली. अंगणात जात्याच्या तळीवर खरोखरच कोंबडी बसलेली होती. जगदेव मनाशी सगळं जुळवून आला होता. पण तिच्या घरात, तिच्या खाटेवर बसून, तिचा चहा हातात असताना त्याच्या तोंडून जे निघालं ते असं निघालं: "तो दोष मोठ्या मायकचा होता, चतुराबाई. तुमच्या आवाजाचा नव्हता. देवमनने नवा केलाय, त्यावर चांगला येईल."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मले वाटलं म्हातारी झाली मी, म्हणाली, आणि थो मायकच बुढा निघाला. ती उद्याच यायला तयार होती. देवमन दारात उभा राहून ऐकत होता. जगदेव निघाला तेव्हा तो वेशीपर्यंत सोबत आला, पण वाटेत त्याने त्या बोलण्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं जगदेवला वाटलं.

सोमवारी त्याने शाळेतून सुट्टी घेतली. मनकर्णाबाई सकाळीच शेतावर निघून गेली होती; कापसाची वाळकी पराटी उपटायला बाया लावल्या आहेत म्हणून सांगून गेली. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर जातं पुसून लख्ख केलेलं होतं आणि शेजारी सुपात पायलीभर ज्वारी निवडून ठेवलेली होती. जगदेव आणि देवमनने दोन्ही तळ्या उचलून मुक्या खोलीत आणल्या. खाट बाहेर काढल्यावर खोलीत जातं, यंत्र आणि तीन माणसं मावली. दुर्गाबाई दारात उंबऱ्यावर बसली.

चतुराबाई आत आली तेव्हा आधी कापसाकडेच पाहत राहिली. याच हातानं येचला आणि याच डोक्यावर आणून टाकला, पण आतून पाह्यला नव्हता कधी, म्हणाली. जात्याशी बसल्यावर तिने तळीवरून हात फिरवला. देवमनने करवंटी तिच्या तोंडासमोर धरली, स्वतःच्या कानाला ऐकायची तार लावली आणि जगदेवने कळ दाबली. चकत्या फिरू लागल्या. चतुराबाईने खुंटा धरून जातं हळूच रिकामं फिरवायला घेतलं.

"हा गरीब बरा हाय," चतुराबाई करवंटीकडे पाहून म्हणाली. "त्या मोठ्यानं धोका देल्ला मले."

देवमनने मान वर करून जगदेवकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. दुरुस्त केलेला रेडिओ लावल्यावर तो जसा थांबून पाहतो, लागतो की नाही, तसं ते पाहणं होतं.

"मायकने नाही दिला धोका," जगदेव म्हणाला. "मायक चांगला होता. मी तो इथे ठेवला आणि तुम्हाला बाहेर बसवलं. तुम्ही आत आलेलं आईला चालणार नाही म्हणून. पण आईला मी विचारलंच नव्हतं. तो माझाच हिशोब होता. काल तुमच्या घरी बसूनही मला ते सांगता आलं नाही."

चतुराबाईने खुंट्यावरचा हात काढला नव्हता. जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं होतं. 

"मंग एक वरीस मी उगीच मुकी राह्यली," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, जणू कुणी चुकीचा रस्ता दाखवल्याने उगाच पायपीट झाली असावी. मग तिने देवमनला विचारलं, "मशीन चालू हाय काय?"

"चालू हाय माय."

"हे बी आलं काय, आत्ता बोलले थे?"

"आलं."

"राहू दे." तिने सुपातून मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली. "तवा म्या म्हनलं होतं भाऊ, भरडायच्या जात्यावर डाळ होते, आठवते काय? आवाज बसन कसा. बसा म्हनलंच नव्हतं कोनी त्याले नीट."

तिने जातं फिरवलं. पहिल्या दोन फेऱ्या नुसत्याच गेल्या, मग ती गायली:

जात्या तुह्या भवताली पिठाचं रिंगन,
शिकला माहा देवमन, उजयलं आंगन.

देवमनचा करवंटी धरलेला हात जराही हलला नाही. एका ओवीतून दुसरी निघाली, दुसरीतून तिसरी. पण चौथ्या-पाचव्यानंतर तिला मधे थांबावं लागू लागलं. पूर्वी जात्यावर बसलं की शब्द आपोआप हातातून यायचे, असं तीच म्हणायची. वर्षभर हात चक्कीच्या डब्याला लागला होता. ती अर्धी ओळ म्हणे, थांबे, जातं फिरवत राही, मग उरलेली सापडे. कधी दुसऱ्याच ओवीचं शेपूट आधीला लागे आणि ती स्वतःवरच हसे. पायलीभर ज्वारी संपली तेव्हा ओव्या अकरा झाल्या होत्या. दोनशेतल्या अकरा. जगदेवने आणखी ज्वारी आणू का विचारलं. पीठ होईन भाऊ, ती म्हणाली, ओवी नाही व्हायची.

निघताना दुर्गाबाईने तिला दळलेलं सगळं पीठ बांधून दिलं. ते तिने घेतलं. पुन्हा कधी याल, हे जगदेवला विचारवलं नाही. तिनेही सांगितलं नाही. फक्त संध्याकाळी देवमन यंत्राची तार सोडवायला आला तेव्हा, अंगणातली तळी आईने धुऊन आत घेतली आहे, असं बोलता बोलता सांगून गेला.

विद्यापीठाला टेप पाठवायची तर सोबत छापील कागद भरावा लागे. यंत्र, मायक, गायिका, स्थळ, दोष. मायकच्या रकान्यात जगदेवने लिहिलं: स्थानिक बनावट, देवमन यांच्याकडून, आवाज उत्कृष्ट. नंतर त्याने वर्षापूर्वीच्या टेपच्या कागदाची प्रत काढली. 'गायिकेचा आवाज क्षीण' या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: गायिका आणि मायक यांमधील अंतर पंधरा हात. कारण: संग्राहक. लिहिताना त्याला हलकं वाटलं नाही. अकराच्या पुढे जे काही होतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे त्या कागदावर छापलेलं नव्हतं.

पाठवण्याआधी त्याने टेप एकदा पूर्ण ऐकली. सुरुवातीचं त्याचं बोलणं पुसता आलं असतं. त्याने ते राहू दिलं. अकराव्या ओवीनंतर चतुराबाईने बारावी उचलली होती, त्या दिवशी त्याच्या ते नीट ध्यानात आलं नव्हतं:

दूरच्या पान्याले बाई, दोर लागते लांब...

पुढची ओळ नव्हती. जातं त्या वेळी फिरतच होतं, त्याने स्वतः पाहिलं होतं, ज्वारी दळून निघत होती. पण करवंटीला घरघर ऐकू येत नव्हती. टेपवर कितीतरी वेळ फक्त चतुराबाईचा श्वास होता, अगदी जवळ, चार बोटांवर, शब्द शोधणारा.